मा. संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : जवानाचा फुटबॉल फाइलीत अडकला आहे

मा. संरक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबला नवे खेळाडू घेण्याची मुदत, बंद झाली आणि एका जवान खेळाडूचं सैन्याकडून मिळायचं ना हरकत प्रमाणपत्र टेबलावरच राहिलं. ‘वेळेत मिळेल’ असं तोंडी सांगितलं होतं. पुढची विंडो उघडेपर्यंत क्लबने दुसरा विंगर घेतलेला असेल.

2024 मध्ये सेनादलाने अरुणाचलमधल्या युपियात गोव्याला 1-0 असं हरवून सातव्यांदा संतोष करंडक ही राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा जिंकली. मग ही पोरं मोठ्या लीगमध्ये फारशी का दिसत नाहीत? रजेचा हिशेब मांडा. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस नैमित्तिक रजा; अग्निवीराला वर्षाला 30. पूर्वतयारी धरून लीगचा मोसम अनेक महिन्यांचा. रजा टाकून व्यावसायिक फुटबॉल खेळता येत नाही, साहेब.

आणि शरीराचं काय? युनिटवर परतला की सैन्याच्या शारीरिक चाचणीची तयारी : लांब पल्ल्याची धाव. दम टिकतो, पण पूर्ण वेगाची धाव सुटते. तीन-चार आठवडे ती सुटली की मांडीमागचा स्नायू त्या वेगाला तयार राहत नाही. मैदानावर परतल्यावर लांब पासमागे सुसाट सुटतो, मध्येच थबकतो आणि मांडीमागे हात धरून खाली बसतो. आठवड्यातून दोनदा 30 मीटरच्या सहा धावा आणि नॉर्डिकचे (गुडघ्यांवर राहून शरीर हळूहळू पुढे सोडण्याच्या व्यायामाचे) दोन सेट एवढ्यानेही बराच धोका टळतो. त्यासाठी अर्धा तास पुरतो. तोही रोलकॉलमध्ये जातो.

दक्षिण कोरियात सैन्यसेवा सक्तीची आहे. तरी तिथले निवडक खेळाडू दीड वर्षाच्या सेवेत सांगमू या सैन्याच्या संघाकडून लीग खेळतात आणि सेवा संपली की मूळ क्लबात परततात. आमची पोरं स्वखुशीने वर्दी घालतात, त्यांना हे का नाही? अग्निवीर साडेसतरा ते विशीच्या सुरुवातीच्या वयात भरती होतो. फुटबॉलपटू घडतो तोही याच वयात. चार वर्षांनी 25 टक्क्यांपर्यंतच कायम होणार. बाकीच्यांना ना पलटण, ना क्लब.

ना हरकत प्रमाणपत्राच्या अर्जावर 21 दिवसांत लेखी निर्णय द्या. एका मोसमासाठी क्लबकडे लोनवर, म्हणजे तात्पुरतं, पाठवा, ज्येष्ठता अबाधित ठेवा. कोर्स आणि चाचण्या मोसमाबाहेर घ्या. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं तर खर्च क्लबचा की सैन्याचा, हे सहीआधी करारात लिहा.

करंडकासोबत फोटो काढायला सगळी यंत्रणा हजर असते. सही करायची वेळ आली की युनिट मुख्यालयाकडे बोट दाखवतं, मुख्यालय क्रीडा मंडळाकडे, मंडळ पुन्हा युनिटकडे. या देशात खेळाडूचं वय कोणत्याच टेबलावर मोजलं जात नाही. पुढच्या विंडोआधी उत्तर हवं आहे, आणि लेखी हवं आहे.

आपले,
जवान खेळाडूंना घडवणारे प्रशिक्षक