ताईच्या गोळ्यांबद्दल

कोथरूड, पुणे

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर ताईला म्हणालास, "स्टिरॉइडनेच तुझं डोकं फिरलंय, बंद कर त्या गोळ्या." काळजीपोटी म्हणालास, मला कळतं. ती शेजारीच बसली होती म्हणून बोलता आलं नाही.

तुझी शंका अगदीच खोटी नाही. प्रेडनिसोलोनचा, म्हणजे ताईच्या त्या स्टिरॉइडचा, डोस मोठा असला, विशेषतः दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या वर, तर झोप उडते, चिडचिड होते, कधी भासही होतात. पण आठव, शेजारचे पाळत ठेवतात असं ती म्हणू लागली तेव्हा ती स्टिरॉइडवर नव्हतीच. तिचा ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार, मेंदूपर्यंतही पोचतो रे. 1999 मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने मेंदूच्या आणि नसांच्या अशा 19 विकारांची यादी केली. त्यात डोकेदुखी आहे, विसराळूपणा आहे, फिट आणि पक्षाघातही आहे.

एमआरआय नॉर्मल आला तेव्हा आत्या म्हणाली, "म्हणजे मनाचंच आहे." तसं नसतं. हा आजार पक्का सांगेल अशी एकही तपासणी नाही. म्हणूनच पाठीतलं पाणी तपासलं, मेंदूत जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली, आणि मगच संधिवाताच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून डोस ठरवला. आत्याने दृष्ट काढली, काढू दिली. 'बाहेरचं' हा शब्द मात्र मी घरात चालू दिला नाही.

एवढे आठवडे घेतलेली गोळी एकदम बंद केली, तर शरीराला लागणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक त्याला लगेच बनवता येत नाही. बीपी कोसळतं, जिवावर बेतू शकतं, आणि दबलेला ल्युपस उसळतो तो वेगळाच. डोस डॉक्टरच उतरवताहेत, थोडा थोडा.

ताई तुझं ऐकते, माझ्यापेक्षा जास्त. म्हणून तिच्यापाशी गोळ्यांचा विषय काढू नकोस, मला विचार. बोलताना तिला शब्द सापडला नाही तर थांब, तिला शोधू दे. तिच्या रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरणारी अँटीबॉडीही सापडली आहे. त्यामुळे तिची जीभ जड वाटली, किंवा ती जीव नकोसा झाल्याचं बोलली, तर त्याच क्षणी मला फोन कर. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

तुझी,
आई