लग्नाचा वाढदिवस आणि थीम पार्क : महिना विचारू नका, आठवडा विचारा

महोदय,

लग्नाच्या वाढदिवसाला थीम पार्कला कधी जावे, या प्रश्नाला प्रवासाच्या पानांवर बहुधा महिन्याचे नाव सांगून उत्तर दिले जाते. फेब्रुवारी शांत, जुलै टाळा, सप्टेंबर उत्तम. वाचणारे जोडपे त्या भरवशावर तिकिटे काढते आणि नेमके कुठल्यातरी जोडून सुट्टीत जाऊन अडकते. पार्कमधली गर्दी आठवड्याआठवड्याने बदलते, कधी दोन दिवसांत पालटते. शिवाय जो फेब्रुवारी एका देशात निवांत असतो, तोच दुसरीकडे वर्षातला सर्वांत गजबजलेला काळ ठरू शकतो.

आधी तारखेचे पाहू. लग्नाची तारीख दरवर्षी एक वार पुढे सरकते आणि मध्ये 29 फेब्रुवारी आला की दोन. 14 फेब्रुवारी 2026 मध्ये शनिवारी, 2027 मध्ये रविवारी, 2028 मध्ये सोमवारी आणि 2029 मध्ये एकदम बुधवारी येतो. त्यामुळे कुणीतरी गेल्या वर्षी त्याच तारखेला जाऊन आले आणि रांगा छोट्या होत्या, एवढ्यावर विसंबू नये. तारीख शनिवार-रविवारी येत असेल तर पार्कचा दिवस लगतच्या मंगळवार ते गुरुवारात ठेवावा आणि तारखेची संध्याकाळ पार्कबाहेर निवांत घालवावी. नेमक्या त्याच दिवशी आत असण्याची ओढ समजण्यासारखी आहे. पण मग मुक्काम तीन दिवसांचा करून मोठ्या राइड्स उरलेल्या दोन दिवसांत उरकाव्यात, म्हणजे तारखेच्या दिवशी रांगांची चिंता राहत नाही.

आठवड्याच्या मधल्या दिवसांचा नियमही सगळीकडे चालत नाही. फ्रान्समध्ये अनेक प्राथमिक शाळांना बुधवारी सुट्टी असते, त्यामुळे पॅरिसच्या डिस्नेलँडला जाणाऱ्याने मंगळवार किंवा गुरुवार धरलेला बरा. यावरून मुख्य मुद्दा लक्षात येतो. पार्क भरतो तो आसपासच्या लोकांनी आणि त्यांची सुट्टी ठरते मुलांच्या शाळेवरून. आपल्याकडच्या सुट्ट्यांचा तिथल्या रांगेशी काही संबंध नाही. म्हणून विमानाचे भाडे बघण्याआधी पार्क ज्या देशात आहे तिथले शाळांचे वेळापत्रक उघडून बसावे.

अमेरिकेत जानेवारीचा तिसरा सोमवार, फेब्रुवारीचा तिसरा सोमवार आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. त्यांना लागून येणारे शनिवार-रविवार भरलेले असतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि नाताळ ते नववर्ष हे दिवस तर सरळ टाळावेत. वसंतातल्या सुट्टीचे गणित जास्त फसवे आहे, कारण तिचा एक भाग ईस्टरबरोबर हलतो. ईस्टर 2025 मध्ये 20 एप्रिलला आला, 2026 मध्ये 5 एप्रिलला, तर 2027 मध्ये 28 मार्चला येतो. एप्रिलचा दुसरा आठवडा एका वर्षी तुडुंब आणि दुसऱ्या वर्षी बराच मोकळा असतो तो यामुळे. असाच हलता सण म्हणजे चिनी नववर्ष : 2025 मध्ये 29 जानेवारी, 2026 मध्ये 17 फेब्रुवारी, 2027 मध्ये 6 फेब्रुवारी. शांघाय आणि हाँगकाँगच्या पार्कसाठी ‘फेब्रुवारी शांत’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. चीनमध्ये 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडाही सोडावा. जपानमध्ये 29 एप्रिल ते 5 मे हा जवळजवळ येणाऱ्या सुट्ट्यांचा ‘गोल्डन वीक’ आणि ऑगस्टचा मध्य हे उघड गर्दीचे दिवस. पण बाहेरच्या माणसाच्या लक्षात न येणारा काळ मार्चचा आहे. तिथे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे मार्चमध्ये पदवी हातात आलेली मुले-मुली घोळक्याने टोकियोच्या पार्कमध्ये येतात. फ्रान्समध्ये हिवाळ्याच्या आणि वसंताच्या सुट्ट्या तीन विभागांत पुढेमागे वाटलेल्या असतात. पॅरिस ‘क’ विभागात येते, तरी बाकीचे दोन विभागही नजरेखालून घालावेत, कारण त्या भागांतली कुटुंबेही इथेच येतात.

आता ‘ऑफ सीझन’बद्दल, कारण सर्वाधिक गैरसमज याच शब्दाभोवती आहेत. माणसे कमी म्हणजे रांग छोटी, असे गृहीत धरले जाते. पण रांगेतला वेळ दोन आकड्यांवर ठरतो : पुढे किती माणसे आहेत आणि राइड तासाला किती माणसे वाहून नेते. समजा, एका रोलरकोस्टरची गाडी 24 आसनांची आहे आणि दर 72 सेकंदांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला 50 फेऱ्या, 1200 माणसे. पुढे 600 जण असतील तर अर्धा तास लागेल. शांत दिवसांत पार्क खर्च वाचवायला एकच गाडी रुळावर ठेवते. ती पूर्ण फेरी मारून परत येणार, लोक उतरणार, नवे बसणार, पट्टे तपासले जाणार, मगच सुटणार. एका फेरीला तीन मिनिटे धरली तर तासाला 20 फेऱ्या, 480 माणसे. आता पुढे निम्मेच, 300 जण असले तरी साडेसदतीस मिनिटे उभे राहावे लागते. गर्दी निम्म्यावर आली आणि रांग वाढली! यात जलद रांगेच्या पासवाल्यांना आधी सोडत असतील तर साध्या रांगेचा वेळ आणखी ताणतो. म्हणून अगदी मेलेल्या आठवड्यापेक्षा त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा आठवडा बरेचदा सरस ठरतो. तेव्हा पार्क पूर्ण क्षमतेने चालू असते आणि शाळाही सुरू असतात.

त्याच शांत दिवसांत दुरुस्त्या निघतात. पाण्याच्या राइड्स थंडीत रिकाम्या करून रंगवल्या जातात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत त्या बंद असण्याची शक्यता जास्त. मोठी पार्क बंद राहणाऱ्या राइड्सची यादी आधीच जाहीर करतात. ती तिकीट काढण्यापूर्वी बघायची आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघायची. डिस्नेच्या पार्कला जाणाऱ्या जोडप्यांनी राइड्सबरोबर तिथल्या मध्यवर्ती किल्ल्याचीही चौकशी करावी, कारण वाढदिवसाचा फोटो तिथेच काढायचा असतो. 2021 मध्ये पॅरिसच्या किल्ल्याचे नूतनीकरण चालू असताना तो कित्येक महिने चित्रे छापलेल्या आच्छादनाखाली होता. शांत दिवसांत पार्क लवकर बंदही होते आणि परेड किंवा आतषबाजी रोज होईलच असे नाही. काही पार्क तर थंडीत उघडतच नाहीत. ओहायोतले सीडर पॉइंट मे महिन्यात सुरू होऊन शरदात बंद होते. कोपनहेगनचे तिवोली 1843 पासूनचे, पण तेही हंगामा-हंगामांत उघडते आणि मधले आठवडे बंद असते. याउलट नेदरलँड्समधले एफ्टेलिंग वर्षभर उघडे राहते.

हवामानाचा विचार करताना नुसते तापमान बघून भागत नाही. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस नेहमीचा. वीज जवळपास दिसली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात, आणि पाऊस थांबल्यावरही लगेच सुरू करत नाहीत. रिकाम्या गाड्या फिरवून खात्री करतात, मग लोकांना घेतात. तिथे उघड्यावरच्या मोठ्या राइड्स सकाळी उरकून दुपारी छताखालचे कार्यक्रम ठेवावेत. अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो आणि 10 सप्टेंबरच्या आसपास तो ऐन भरात येतो. नेमक्या याच वेळी शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असल्याने फ्लोरिडातली पार्क वर्षातली सर्वांत मोकळी असतात. हा सौदा डोळे उघडे ठेवून करावा : परतावा मिळणारे हॉटेल, तारीख बदलता येणारे विमान आणि हाताशी दोन जादा दिवस असतील तर सप्टेंबरसारखा महिना नाही. यातले एकही नसेल तर जानेवारीचा शेवटचा पंधरवडा धरा. जपानमध्ये जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा आणि पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात टायफून. आखाती देशांत उन्हाळ्याचे तापमान 40 अंशांपलीकडे जाते. तिथे त्या दिवसांत अबू धाबीतली फेरारी वर्ल्ड किंवा वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड यांसारखी छताखालची पार्कच निवडावीत. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे ऋतू शोधण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते जानेवारीचा जोराचा पाऊस आणि जून व वर्षअखेरच्या शाळांच्या सुट्ट्या टाळल्या की झाले.

थंडीचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. तापमान खाली गेले की रोलरकोस्टरच्या चाकांतले वंगण घट्ट होते, चाकांचे आवरण कडक होते आणि गाडी मंदावते. गती फारच कमी झाली तर गाडी पुढचा चढ पार करू शकत नाही, अधेमध्ये अडकते. म्हणून बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेल्या तापमानाखाली ती चालवतच नाहीत. उंच राइड्सना वाऱ्याचीही अशीच मर्यादा असते. हिवाळ्यात जाणार असाल तर दिव्यांची आरास, परेड, छताखालचे खेळ यांसाठी जा. उंच कोस्टर हीच हौस असेल तर मे किंवा सप्टेंबर गाठा.

वाढदिवसाला जाणाऱ्या जोडप्याला दिवसापेक्षा संध्याकाळ मोलाची असते आणि संध्याकाळ किती वाजता होते हे ऋतूवर अवलंबून आहे. पॅरिसला जूनअखेर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे आतषबाजी त्यानंतरच, आणि सकाळी नऊला आत शिरलेल्या माणसाला चौदा तास पायांवर काढावे लागतात. डिसेंबरात तिथेच पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, लवकर दिवे लागतात आणि साठीतल्या जोडप्यालाही रोषणाई दमून न जाता बघता येते. फ्लोरिडात हा फरक कमी आहे : जूनअखेर सूर्यास्त साडेआठच्या आसपास, डिसेंबरात साडेपाचच्या. पार्कमध्ये दिवसभरात दहा किलोमीटरपेक्षा जास्त चालणे सहज होते. चाळिसावा, पन्नासावा वाढदिवस साजरा करणाऱ्यांनी गर्दीच्या तक्त्यांआधी सूर्यास्ताची वेळ बघावी, असे ठामपणे सांगावेसे वाटते.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत ठरावीक रात्री हॅलोविनच्या आणि नाताळच्या स्वतंत्र तिकिटांच्या पार्ट्या असतात. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावे लागते आणि रात्रीची आतषबाजी फक्त पार्टीच्या तिकिटावर बघायला मिळते. आतषबाजी नको असेल तर हा दिवस पर्वणीच, कारण बरेच लोक तो टाळतात आणि सहापर्यंत रांगा छोट्या असतात. हे माहीत नसलेले जोडपे मात्र रात्रीच्या दिव्यांची वाट बघत असताना दाराबाहेर येते आणि वाढदिवसाचा विरस होतो.

पार्कच्या स्वतःच्या वाढदिवसाला जावे का, असेही विचारले जाते. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमचे डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी उघडले, फ्लोरिडाचे डिस्ने वर्ल्ड 1 ऑक्टोबर 1971 रोजी, टोकियोचे डिस्नेलँड 15 एप्रिल 1983 रोजी, पॅरिसचे 12 एप्रिल 1992 रोजी. नेमक्या त्या दिवशी हौशी मंडळींची झुंबड उडते. मोठ्या वर्षांचे सोहळे मात्र लांब चालतात. फ्लोरिडाचा पन्नाशीचा सोहळा 1 ऑक्टोबर 2021 ते 31 मार्च 2023 असा दीड वर्ष चालला. तो बघायचा तर मधला एखादा साधा आठवडा पुरतो.

कामांचा क्रम असा ठेवावा. दहा-अकरा महिने आधी शाळांची वेळापत्रके बघून लग्नाच्या तारखेच्या मागचे-पुढचे तीन आठवडे तपासावेत आणि त्यातला एक पक्का करावा. बऱ्याच पार्कमध्ये आता तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. दरांचा तक्ता हाच गर्दीचा सर्वांत सोपा अंदाज समजावा, कारण महाग दिवस म्हणजे पार्कलाच गर्दी अपेक्षित असलेला दिवस. सहा महिने आधी बंद राइड्सची यादी बघावी. फ्लोरिडाच्या डिस्नेत रेस्टॉरंटमधली जागा 60 दिवस आधी राखता येते, आतषबाजी दिसणारी टेबले पहिल्याच दिवशी जातात. महिनाभर आधी पार्कच्या वेळा पुन्हा तपासाव्यात, कारण त्या मागाहून बदलतात. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कमध्ये पाहुण्यांच्या मदतकक्षात वाढदिवसाचा बिल्ला फुकट मिळतो, तो आत शिरताच मागून घ्यावा.

आणि आतषबाजी मुक्कामाच्या पहिल्याच रात्री बघावी. जोराचा वारा किंवा वीज असेल तर ती ऐनवेळी रद्द होते. शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवलेली हुकली की हुकलीच. पहिल्या रात्री हुकली तर दुसरी रात्र हाताशी असते.

आपला,
एक वाचक