कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका स्टुलाबद्दल

मिस्त्रीमामांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता, हे मला माहीत आहे. पण तुमच्या दुकानातला पोरगा म्हणालाय, ‘ताई, लिहा तुम्ही, शटर ओढायच्या आधी मी मामांना वाचून दाखवतो.’ म्हणून लिहिते आहे. नाव-पत्ता घालत नाही. तुम्हाला आवडायचं नाही, आणि तुमच्याकडं गर्दी झाली तर माझाच नंबर मागं जाईल.

येझदी मोटरसायकल घरी येऊन आज महिना झाला. त्या दिवशी तुम्हाला नीट काही बोलताच आलं नाही. घसा दाटला होता, आणि तुम्ही ‘चला, अंधार पडायच्या आत निघा’ म्हणून घाई केलीत.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. गाडी 1984ची, येझदी 250. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनीच घेतलेली. मागं वैरणीचा भारा, पुढं टाकीवर मी, अशी आमची बरीच वर्षं गेली. म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला, तेव्हा आण्णा म्हणाले होते, ‘कंपनी गेली, गाडी ऱ्हाईल.’ पुढं त्यांचे गुडघे गेले आणि गाडी गोठ्यात गेली. तिथं ती चौदा वर्षं होती. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मी दुरुस्तीचं काढलं तेव्हा आण्णाच म्हणाले, ‘भंगारात घाल. किलोवर जाईल.’

पण माझी भिशी लागली होती. तीस हजार. पतसंस्थेत कारकुनी करणाऱ्या बाईला एवढी रक्कम एकदम हातात बघायची सवय नसते, त्यामुळं वाटलं, यात गाडी सोन्यासारखी होईल. आता तर 2022 पासून नव्या येझदी मिळतात, त्या का घेत नाहीस, असं विचारणारेही भेटले. त्यांना भिशीचा आकडा सांगितला की ते गप्प बसायचे.

तुमच्याकडं यायच्या आधी मी तीन दारं झिजवली. पहिल्यानं जाम झालेला पिस्टन सोडवायला वर लाकूड ठेवून घण घातला. पिस्टन सुटला, सोबत सिलेंडरची एक फिनही, म्हणजे इंजिन गार ठेवणारी पट्टी, सुटली. ‘जुन्या गाडीत असं व्हायचंच.’ चार हजार. दुसऱ्यानं गाडी चालू केली, हे खरं. पण पांढरा धूर असा, की गल्लीत कुणी डासांची फवारणी करतंय असं वाटावं. त्यानं रिंगा बदलल्या. धूर तसाच. पिस्टन बदलला. धूर तसाच. मग म्हणाला, ‘टू-स्ट्रोक आहे, धूर मारणारच.’ साडेअकरा हजार त्याचे, आणि जाता जाता पेट्रोल आणि हवा मिसळणारा मूळचा कार्ब्युरेटर काढून दुसरा कसला तरी बसवला, तो हिशेब वेगळाच. मला ते तुमच्याकडं आल्यावर कळलं. तिसरा मोठा. काचेचं दुकान, भिंतीवर फोटो, एसी. तिथं मी भावाला घेऊन गेले होते. माझ्या भावाला प्लग कुठं असतो ते माहीत नाही. पण तिथला माणूस अर्धा तास त्याच्याशीच बोलत होता. मागचं मडगार्ड कापू, हँडल बदलू, सगळी मॅट ब्लॅक करू. आकडा सांगितला एक लाख चाळीस हजार. मी मधेच विचारलं, धूर कशानं येतो? तर भावाकडं बघून म्हणाला, ‘ते टेक्निकल असतं, मॅडमना नका टेन्शन देऊ.’

मामा, एवढं सगळं पोटात घेऊन मी टेम्पोत गाडी घालून उद्यमनगरात आले. खिशात साडेचौदा हजार. भाऊ सोबत होता, कारण आता एकटीनं जायची हिंमत उरली नव्हती, आणि ते कबूल करायला मला आजही लाज वाटते.

तुम्ही विचारलंत, ‘गाडी कुणाची?’

भाऊ म्हणाला, ‘हिची.’

तुम्ही आत गेलात. मला वाटलं, झालं, आता हेही. तर तुम्ही एक लोखंडी स्टूल घेऊन बाहेर आलात. कॉटन वेस्टनं त्याची बैठक पुसलीत, एकदा नव्हे दोनदा, आणि ते दुकानाच्या बाहेर फुटपाथवर न ठेवता आत, इंजिनाच्या शेजारी ठेवलंत. मग पोराला म्हणालात, ‘दिवा जरा हिकडं धर. ताईंना दिसलं पायजे.’

बस्स, एवढंच. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल.

पुढचे तीन रविवार मी त्या स्टुलावर बसले. भावाला तुम्ही चहा पाजलात, पण गाडीबद्दल एक शब्द त्याला सांगितला नाहीत. बिचारा दुसऱ्या रविवारपासून आलाच नाही.

आणि तो धूर. तुम्ही गाडी उघडलीसुद्धा नव्हती, फक्त माझ्याकडं बघून विचारलंत, ‘गिअर ऑईल कमी हुतंय का?’ मी म्हटलं, हो, दर पंधरा दिवसांनी घालावं लागत होतं. ‘खाली गळतंय?’ नाही, फरशी कोरडी असते. ‘मग जातंय कुठं?’

मी गप्प. तुम्हीही गप्प. उत्तर तुम्हाला माहीत होतं, पण तुम्ही थांबलात. एखादा चांगला मास्तर पोराला फळ्यापाशी उभं करून थांबतो ना, तसे. मग माझीच ट्यूब पेटली, की खाली गळत नाही म्हणजे आत जातंय आणि आत जळतंय. ‘आता कसं!’ म्हणालात. क्लचकडच्या बाजूचं क्रँकचं सील, म्हणजे शेजारचं ऑईल आत येऊ न देणारी रबरी रिंग, कडक होऊन गेलेलं. टू-स्ट्रोकची क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा डबा, प्रत्येक फेऱ्याला श्वास घेते, आणि सील गेलं की त्या श्वासाबरोबर शेजारचं ऑईल ओढून घेते. रिंगा आणि पिस्टन बदलून त्याला काय होणार? दोनशे रुपयांच्या आतली रबराची वस्तू. साडेअकरा हजार देऊन ज्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं, ती.

क्लच उतरवलात तेव्हाची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. आण्णा आम्हाला लहानपणी सांगायचे, की एकदा कोल्हापुरातच क्लचची केबल तुटली आणि ते तशीच गाडी चालवत कागलला घरी आले. आम्ही भावंडं हसायचो. आण्णांची थाप म्हणून ती घरात प्रसिद्ध होती. त्या दिवशी तुम्ही कव्हर काढून बोटानं दाखवलंत: या गाडीला किकची आणि गिअरची दांडी एकच, आत दाबून मागं फिरवली की किक, पुढं आणली की गिअर. आणि गिअर टाकायला ती दाबली, की तिच्याच शाफ्टवरचा तुकडा क्लचला ढकलतो. हाताचा क्लच न दाबताही गिअर पडतो. मी तुम्हाला तीनदा दाखवायला लावलं. तुम्हाला वाटलं असेल, या बाईला कळत नाही. कळलं होतं, मामा. मी फक्त आण्णांची मनात माफी मागत होते. घरी जाऊन सांगितलं तर म्हणाले, ‘तीस वर्षं सांगतोय की!’ आणि दुसऱ्या दिवसापासून भंगाराचं नाव बंद.

बाकीच्या कामांचं काय सांगू? टायर, केबली, वायरिंग, सायलेन्सर जाळून आतला कोळसा काढणं, ते होत गेलं. जिथं मी खर्च करायला निघाले तिथं तुम्ही हात धरलात, हे मात्र लिहायलाच हवं. रिमांना क्रोम करूया म्हटलं, तर ‘त्या पैशात दोन टायर येत्यात, रिम घासून घेऊ.’ नवा रंग म्हटलं, तर ‘हा कंपनीचा मरून हाय, आता कोण देणार तुम्हाला हा?’ सिलेंडर बोअर करायला शेजारी पाठवलंत, तर त्या लेथवाल्यानं माप घेतलं आणि म्हणाला, चांगला आहे, उगाच कातू नका. एक रुपया घेतला नाही. काम नाकारून गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. असाच दुसरा सरळ माणूस म्हणजे नंबरप्लेटा रंगवणारा पेंटर. टाकीच्या एका बाजूच्या सोनेरी रेघा पुसल्या होत्या. त्यानं दुसऱ्या बाजूकडं पाच मिनिटं नुसतं बघितलं, लांब केसांचा ब्रश घेतला, श्वास रोखला आणि पट्टी न लावता एका दमात रेघ ओढली. तीनशे रुपये म्हणाला, आणि तेही जरा संकोचूनच. आपल्या गावाला रांगडं म्हणतात लोक. असेलही. पण माझ्या मनात आता त्याचा अर्थ, त्या गल्लीत मापाला माप सांगणारी माणसं अजून बसलेली आहेत, असा झालाय.

फेरफार म्हणाल तर तुम्ही तीनच केलेत, आणि तिन्ही माझ्यासाठी. सीटचा फोम दोन इंच कापून घेतलात, कारण माझे पाय टेकत नव्हते. सहा व्होल्टचा जुना रेग्युलेटर काढून त्याच डब्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक बसवलात. वरून बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. आणि मेणबत्तीसारख्या हेडलाईटला एलईडी घातलीत, ‘बाईमाणूस रात्रीचं येणार-जाणार’ असं पोराला हळूच म्हणालात. मी ऐकलं ते.

तो मॅट ब्लॅकवाला जे फेरफार सांगत होता, त्यातला एकही गाडीवर बसणाऱ्या माणसाकडं बघून सुचलेला नव्हता. मी त्याच्यावर आता रागावलेली नाही. खोटं कशाला बोलू, आहे. गाडी त्याच्या दुकानासमोरून मुद्दाम दोनदा नेली, दुसऱ्यांदा हॉर्न वाजवून.

हिशेब तुम्ही विडीच्या पाकिटाच्या मागं लिहून दिलात. सगळं धरून तेरा हजार नऊशे, त्यात शोधून आणलेला जुना अस्सल कार्ब्युरेटरही आला. उरलेल्या सहाशेचं पेट्रोल भरलं आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणं लिटरला 40 मिली टू-टी ऑईल मोजून घातलं. वर पाचशे द्यायला गेले तर तुम्ही माझ्या हातात ते गेलेलं सील ठेवलंत. ‘हे ठेवा. परत कोण काय सांगाय लागला तर दाखवा.’ ते आता माझ्या किल्लीला अडकवलेलं आहे. प्लॅस्टिकसारखं कडक झालंय, नखानं दाबून बघते अधूनमधून.

पहिली किक मलाच मारायला लावलीत, तेव्हा चार वेळा पाय सटकला. रस्त्यावरची दोन पोरं हसली. तुम्ही त्यांच्याकडं नुसतं बघितलंत. मग मला म्हणालात, ‘जोर नको. आधी दांडी हळू दाबून पिस्टन वर आणा. तटलं की मग सगळं अंग टाका.’ पाचव्या किकला फटफट सुरू झाली. धूर आला, पण निळसर, पातळ, आणि तोही गाडी तापली तसा विरत गेला. तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरलात, बघितलात, पँटीला पुसलात. काही बोलला नाहीत.

आण्णा आता रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसतात. मी वळणावर आले की आवाजावरून ओळखतात आणि आईला सांगतात, ‘चहा ठेव, आली.’

आभार मानते, मामा. पाया पडू दिलं नाहीत, म्हणून इथं लिहून पडते.

तुमची,
स्टुलावरची ताई

ता. क. – तुम्ही सांगितल्याप्रमाणं महिन्यानं गिअर ऑईल मोजलं. होतं तेवढंच आहे.