मराठी लघुलेखनाचा शब्दकोश कोणी लिहायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सीताबर्डीवरून आणलेल्या कळफलकाच्या सुट्या कळी, बोटभर लांबीचा नियंत्रक बोर्ड आणि थ्रीडी प्रिंटरवर काढून घेतलेली प्लास्टिकची चौकट यांतून माझ्या भाच्याने अलीकडे लघुलेखनाचे एक यंत्र जोडून माझ्यासमोर ठेवले. पिटमनच्या पद्धतीवर बेतलेली मराठी लघुलिपी तीस वर्षे लिहिलेल्या मला तो प्रथम पोरखेळ वाटला. आता तसे वाटत नाही, आणि ते का, हे येथील लघुलेखकांपुढे व तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेतील न्यायालयांत वापरले जाणारे स्टेनोटाइप यंत्र आपल्याकडे फारसे कोणी पाहिलेले नसते. त्याला 22 कळी असतात आणि त्या टंकलेखनासारख्या एकामागून एक नव्हे, तर पेटीवर एका वेळी अनेक सूर धरावेत तशा एकदम दाबायच्या असतात. डाव्या हाताची बोटे शब्दावयवाचे (‘सिलॅबल’चे) पहिले व्यंजन, अंगठे स्वर आणि उजवा हात शेवटचे व्यंजन धरतो. नेहमीच्या शब्दांना संक्षिप्त रूपे ठरवून दिली असतील, तर एका दाबात संपूर्ण शब्द किंवा वाक्यांशही उमटतो. तेथील व्यावसायिक परीक्षेत साक्षीच्या उताऱ्यासाठी मिनिटाला 225 शब्दांची गती लागते, तर आपल्याकडे लघुलेखक (उच्चश्रेणी) पदासाठी 120 शब्दांची. मराठी शब्द लांब आणि विभक्तीने जड, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. परंतु आम्ही 120 च्या गतीने घेतलेले डिक्टेशन नंतर वाचून टंकलिखित करतो, आणि त्या यंत्राचा उतारा मात्र बोलणाऱ्याबरोबरच पडद्यावर तयार होतो. कर्णबधिर विद्यार्थ्याला वर्गातील व्याख्यान त्याच क्षणी वाचता येते ते यामुळेच.

हे सारे आजवर आपल्या आवाक्याबाहेर राहिले, कारण यंत्राची किंमत हजारो डॉलरमध्ये आणि त्याचे सॉफ्टवेअर तसेच महाग. ही कोंडी फोडण्याचे काम 2010 मध्ये न्यूयॉर्कमधील मिराबाई नाइट यांनी सुरू केले. त्या स्वतः कर्णबधिरांसाठी असे थेट लेखन करणाऱ्या. जोशुआ लिफ्टन या प्रोग्रामरच्या मदतीने त्यांनी ‘प्लोव्हर’ हे एकदम दाबलेल्या कळींचे शब्द करून देणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उभे केले, जे विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर विनामूल्य चालते. (प्लोव्हर म्हणजे आपल्या तलावांच्या काठी तुरुतुरु पळणारा चिखल्या. पुढे निघालेल्या एका लेखनपद्धतीला ‘लॅपविंग’, म्हणजे टिटवी, असे नाव मिळाले. या मंडळींना पक्ष्यांचे भारी वेड दिसते.) एकाच वेळी कितीही कळी दाबल्या तरी प्रत्येकीची नोंद घेणारा कळफलक तेवढा लागतो. साधा कळफलक पाच-सहा कळी एकदम दाबताच एखादी गिळून टाकतो. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठी मिळणारे काही कळफलक गिळत नाहीत.

त्यानंतर हौशी लोकांनी खास यंत्रेच बनवायला घेतली. ‘जॉर्जी’, ‘युनी’ यांसारखे लहानसे कळफलक याच हौसेतून आले. त्यांत 35 ग्रॅम किंवा त्याहूनही हलक्या दाबाने बसणाऱ्या कळी वापरतात, कारण दिवसभर आठ-आठ कळी एकदम दाबणाऱ्या बोटांना नेहमीच्या कळी जड जातात. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते ‘जॅव्हेलिन’ हे फर्मवेअर, म्हणजे कळफलकातच बसवलेले सॉफ्टवेअर. त्यात शब्दकोश, म्हणजे कोणत्या कळी एकदम दाबल्या की कोणता शब्द उमटावा याची यादी, यंत्राच्या पोटातच साठवलेला असतो, त्यामुळे संगणकावर काहीही बसवावे लागत नाही. ज्या कार्यालयात साधा फाँट टाकायलाही परवानगी काढावी लागते, तेथे काम केलेल्या माणसाला या सोयीचे मोल सांगायला नको. एक अडचण मात्र आहे: कळफलक संगणकाकडे अक्षरे पाठवत नाही, कळींचे क्रमांक पाठवतो. म्हणून देवनागरी उमटवायची तर संगणकावर इनस्क्रिप्ट ही देवनागरीची प्रमाणित कळरचना चालू ठेवून यंत्राने त्यानुसार कळी पाठवायच्या, हा मार्ग मला सोपा वाटतो.

मात्र यंत्र जोडले म्हणजे मराठी लिहिता आली असे होत नाही, आणि माझा मुख्य मुद्दा हाच आहे. प्लोव्हरच्या चौथ्या आवृत्तीपासून दुसऱ्या भाषांची कळरचना प्लगइनच्या (जोड-सॉफ्टवेअरच्या) रूपाने जोडता येते. इटलीच्या सिनेटमध्ये 1880 पासून वापरात असलेल्या मिकेला यंत्राची पियानोसारखी रचनाही त्यात बसवली गेली आहे. मराठीची रचना आपण बसवायची. ख, घ, थ, भ यांसाठी वेगळ्या कळी कशाला? महाप्राणाची एक कळ ठेवली की क चा ख आणि ग चा घ होईल. ट-त, ण-न, ळ-ल या जोड्यांसाठी मूर्धन्याची एक कळ पुरेल. मराठी शब्दावयव बहुधा स्वरान्त असल्याने उजवा हात पुष्कळसा मोकळा राहतो. तेथे ला, ने, चा, त हे प्रत्यय ठेवता येतील.

खरी कसोटी सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दात होणाऱ्या बदलाची आहे. इंग्रजीत ‘मेक’चे ‘मेकिंग’ होताना स्पेलिंगमधील शेवटचा ई गळतो, तेवढ्यासाठी प्लोव्हरमध्ये नियम लिहिण्याची सोय आहे. तिचा उपयोग करून ‘घोडा’ आणि ‘ला’ मिळून ‘घोड्याला’, ‘मूल’ आणि ‘ने’ मिळून ‘मुलाने’ हे आपोआप साधता येईल. पण ‘भिंत’चे ‘भिंतीला’ होते आणि ‘वीट’चे ‘विटेला’ होते. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. येथे नियम थकतो आणि प्रत्येक शब्दाची वेगळी नोंद करावी लागते. अशा नोंदी, तसेच ‘माननीय अध्यक्ष महोदय’, ‘उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये’ यांसारख्या वाक्यांशांची संक्षिप्त रूपे, संगणकाच्या विद्यार्थ्याला सुचणार नाहीत. ती आमच्या वह्यांत पडून आहेत. शब्दकोशाची फाइल साध्या मजकुराचीच असते, त्यामुळे तीत भर घालायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

बोललेले आपोआप लिहून देणारी सॉफ्टवेअर आल्यावर ही उठाठेव कशाला, असे भाचाच मला म्हणाला. वऱ्हाडी बोलणारा साक्षीदार, हिंदीत उलटतपासणी करणारे वकील, इंग्रजीत सांगितला जाणारा आदेश आणि वर घरघरणारा पंखा, असा एक तास त्याने त्या सॉफ्टवेअरला द्यावा. चुका दुरुस्त करायला बसेल तो लघुलेखकच. शिवाय साक्षीचा आवाज कोणा परक्या सर्व्हरवर पाठवायचा की नाही, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने टंकलेखनाची परीक्षा टाइपरायटरवरून संगणकावर नेली, तेव्हाही आमच्यातील अनेकांनी नाके मुरडली होती. परिषदेने लघुलेखनाच्या परीक्षेत यंत्रावर घेतलेले डिक्टेशन निदान ऐच्छिक म्हणून स्वीकारावे, आरंभी मिनिटाला 60 आणि 80 शब्दांच्या परीक्षांपुरते. त्याशिवाय कोणताही विद्यार्थी हे शिकण्यात वर्षभर घालवणार नाही. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि हिवाळी अधिवेशन यांमुळे मराठी-इंग्रजी लघुलेखकांची मोठी संख्या नागपुरात आहे. सदर येथील शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थांतील मुलांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. या दोघांची गाठ पडावी. माझ्याकडील डिक्टेशनच्या जुन्या वह्या आणि वाक्यांशांची हस्तलिखित यादी मी त्यासाठी द्यायला तयार आहे. भाच्याच्या यंत्रावर त्यांतील काही वाक्यांश आम्ही बसवलेही आहेत, फक्त ‘ळ’ अजून मधूनच ‘ल’ उमटतो.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका,
धरमपेठ, नागपूर