स्टेटसच्या 'अप टू डेट'वर जाऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतला गिटवरचा, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा लेख वाचला. इंजिनिअरिंगच्या पोरांनी प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर फिरवत बसण्यापेक्षा गिट शिकावं हे शंभर टक्के पटलं, पण 'गिट पुल (सर्व्हरवरचे नवीन बदल आणून आपल्या कामात मिसळणारी कमांड) मारलं की झालं अपडेट' एवढ्यावरच उरकलंय आणि नवीन पोरं नेमकी तिथेच अडकतात. ऑफिसमध्ये ज्युनियर लोकांना हे समजावणं माझ्याकडेच असतं, म्हणून लिहितोय.

गिट स्टेटस ही कमांड दिली की 'युअर ब्रँच इज अप टू डेट विथ ओरिजिन/मेन' असं येतं आणि पोरांना वाटतं गिट सर्व्हरवर जाऊन बघून आलं. कुठलं काय! स्टेटस नेटला हातसुद्धा लावत नाही. ओरिजिन/मेन ही सर्व्हरवरच्या मेन ब्रँचची (कामाच्या मुख्य फांदीची) आपल्याच मशीनवरची नोंद, शेवटचं फेच (सर्व्हरवरची नवी माहिती नुसती आणून ठेवणं) झालं तेव्हाची, म्हणजे दिवाळीत छापून आणलेल्या पासबुकातला बॅलन्स आजचा समजायचा तसला प्रकार. वायफाय बंद करून स्टेटस देऊन बघा, तरी तेच उत्तर येतं.

त्याहून जास्त घोळ अपस्ट्रीमचा, म्हणजे आपली ब्रँच सर्व्हरवरच्या कुठल्या ब्रँचशी जोडलीय त्याचा. ओरिजिन/मेनवरून नवीन ब्रँच काढली की गिट आपलं आपणच तिचं अपस्ट्रीम ओरिजिन/मेन ठेवून मोकळं होतं. मग पोरगं आपल्या ब्रँचचं नाव देऊन व्यवस्थित पुश करतं (सर्व्हरवर पाठवतं) तरी स्टेटस म्हणतं तू ओरिजिन/मेनच्या 3 कमिट (नोंदवलेले बदल) पुढे आहेस, ते बिचारं घाबरून पुल मारतं, आणि पुल मर्जवर (दोन्हीकडचे बदल एकत्र जोडण्यावर) सेट असेल नि मेनमध्ये मधल्या काळात काही नवीन आलेलं असेल तर ते सगळं याच्या ब्रँचमध्ये येऊन बसतं, वर मर्जचा एक कमिट वाढतो आणि 3 चे 4 होतात! गिट ब्रँच या कमांडला डॅश व्हीव्ही (-vv) लावून बघितलं असतं तर कंसात ओरिजिन/मेन लिहिलेलं तिथेच दिसलं असतं.

सीनियर लोकांचे सल्लेही कधीकधी जुन्या जमान्यातले असतात. 2013 मध्ये गिटचं 1.8.4 व्हर्जन येईपर्यंत 'गिट पुल ओरिजिन मास्टर' (मेनला तेव्हा मास्टर म्हणायचे) दिलं तरी ओरिजिन/मास्टरची नोंद हलायचीच नाही, त्यामुळे पुल करूनही स्टेटस 'अहेड' दाखवायचं. ते आता गेलं, त्यावरचे तोडगे मात्र अजून फिरतायत.

2021 च्या 2.33.1 व्हर्जनपासून दोन्हीकडे वेगवेगळे कमिट असतील आणि आपण काही ठरवून दिलेलं नसेल तर पुल थांबतं आणि मर्ज की रिबेस (आपले कमिट त्यांच्या कमिटवर पुन्हा रचणं) ते विचारतं. मला हे आवडलं, भले पोरं न वाचता हिंटमधली पहिली कमांड चिकटवून मोकळी होवोत.

खरं तर शेवटचं फेच कधी झालं हे स्टेटसनेच सांगायला पाहिजे. ते होईल तेव्हा होईल, पण लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात आधी फेच, मग डॅश व्हीव्ही आणि मगच पुल या क्रमाने लिहा एवढी विनंती.

— एक प्रोग्रॅमर, पुणे