नौपाड्याची खिडकी आता नेरुळला आहे

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई "बरं" म्हणाली असती आणि रात्रभर जागी राहिली असती, म्हणून लिहितेय. ठाण्याचं आपलं नौपाड्याचं घर रिकामं करून दिलं. सामान भंगारात गेलेलं नाही. आपल्या खोलीसाठी, म्हणजे तुम्ही इथे नेरुळला राहायला येणार त्या खोलीसाठी, मी त्यातलं बरंच नव्याने घडवून घेतलंय. तुम्हाला विचारायला थांबले नाही, कारण चावी द्यायची तारीख पुढे जाणार नव्हती आणि आजोबांचं सागवानी कपाट आमच्या लिफ्टमध्ये मावत नव्हतं. फळी दिसली की विकत घेणारे दारात उभेच होते. मला ते सहन झालं नसतं.

बाबा, आधी कपाटाचं सांगते. सुताराने करवत न लावता सांधे सोडवले. खालच्या भागाची खिडकीजवळ बसायची पेटी झालीय. उंची मुद्दाम १८ इंच ठेवली, म्हणजे उठताना गुडघ्यावर जोर येणार नाही. आत तुमचे दिवाळी अंक राहतील. लाकडाला भुंगा लागलेला नाही, आतून ठोकून पाहिलं. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, आणि शेवटी चपड्याचं पॉलिश. एका दाराची आतली बाजू मात्र घासू दिली नाही. तिथे तुमचा पेन्सिलीतला दुधाचा हिशोब आहे, खाड्यांसकट. ते दार तसंच भिंतीला लावलंय. दमट हवेमुळे मागे बोटभर जागा सोडलीय.

मधल्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीत आरसा बसवला. बाल्कनीच्या समोर टांगलाय, त्यामुळे दुपारी चारनंतरही खोलीत उजेड असतो. चौकटीचा हिरवा ऑइलपेंट कोरडा घासू दिला नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली, आणि तो रंग त्याच्या कितीतरी आधीचा. गच्चीवर, पाण्याने ओला करून, तोंडाला मास्क लावून काढला. चिंटूला त्या दिवशी शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं.

आई, घाबरू नकोस. शालूला आणि माईआत्याने दिलेल्या पैठणीला कोणी हात लावलेला नाही. विरलेल्या सुती साड्यांचीच गोधडी केली, धावदोऱ्याने, आणि तुझी इरकल वरच्या बाजूला घेतली. ज्या रेशमी साड्या घडीवर फाटल्या होत्या त्यांचे काठ तेवढे काढले, मागून मलमल लावली आणि उशांच्या अभ्र्यांना जोडले. रात्री गालाला जर टोचू नये म्हणून काठ फक्त कडेला आहे.

आणि बंब! चिंच-मिठाने घासला तेव्हा दिवाळीची पहाट आठवली. धुराने डोळे चुरचुरायचे, तू पाठीला उटणं चोळत "मीट गं डोळे" म्हणायचीस आणि बाबा पुढची बादली ओतायचे. आता त्यात मनीप्लँट आहे. माती थेट भरली नाही, आत वेगळी कुंडी ठेवलीय, नाहीतर ओलीने तांबं हिरवं पडतं.

तुमचं काही अडणार नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा लावलाय. रात्रीचा दिवा हाताच्या अंतरावर आहे. ज्वेल ऑफ नवी मुंबईत तळ्याभोवती सपाट रस्ता आहे, बाबांना फिरायला होईल. नेरुळहून ठाण्याला थेट लोकल मिळते, तेव्हा कोपिनेश्वर काही सुटलेलं नाही. फक्त गर्दीच्या वेळी जायचं नाही. पटलं नाही, करमलं नाही, तर ताईकडची खोली आहेच. मी रागावणार नाही.

आता नीट ऐका. गोधडी जमिनीवर अंथरायची नाही, पाय सरकतो. बाबा, बसायच्या पेटीवर उभं राहून पंखा पुसायचा नाही. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. नाशिकहून निघताना मिक्सर, पाटा असलं काही बांधू नका. शनिवारी मी गाडी घेऊन येतेय. कपाटाची किल्ली तेवढी आणा, कुलूप तेच आहे.

पडदे अजून शिवलेले नाहीत. कापड आणून ठेवलंय, मशीनला तेल घातलंय. लांबी आई ठरवेल.

तुमची,
मनू