एका विडालवर टायफॉइड ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'पावसाळ्यात तीन दिवसांहून जास्त ताप राहिला तर विडाल चाचणी करून घ्यावी,' असा सल्ला आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला आणि गप्प बसवेना. विडाल म्हणजे टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची चाचणी. एकतीस वर्षं मी लॅब टेक्निशियन होतो. माझ्या हातून किती विडाल झाल्या याचा हिशोब नाही.

चाचणी अगदी सोपी. काचपट्टीवर सीरमचे, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्याचे थेंब, एकात निळं अँटिजेन, म्हणजे मारलेल्या टायफॉइड जंतूंचं द्रावण, दुसऱ्यात लाल. काडीनं मिसळायचं, मिनिटभर पट्टी हलवायची, थेंबात रवाळ दाणे धरले की पॉझिटिव्ह. फर्नांड विडाल यांनी १८९६ साली ती मांडली तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. पण ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. पहिल्या आठवड्यात ती पुरेशी नसतात, म्हणून खरा टायफॉइडही निसटतो. उलट पूर्वी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा आत्ता मलेरिया असेल, तरीही दाणे धरू शकतात. आमच्याकडे पावसाळ्यात १:८० वर, म्हणजे सीरम ऐंशीपट पातळ करूनही दाणे धरले की, अर्धं गाव टायफॉइडचं ठरायचं. मीही सह्या केल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी हे घरावरच आलं. चोवीस वर्षांचा भाचा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत मेसवर जेवायचा. तिसऱ्या दिवशी विडाल पॉझिटिव्ह, लगेच गोळ्या आणि सलाईन. ताप सकाळी उतरायचा, संध्याकाळी चढायचा. पुन्हा विडाल केली. १:१६० ची १:३२० झाली, म्हणजे 'टायफॉइड वाढला', म्हणून गोळ्या बदलल्या. तिसऱ्या आठवड्यात तो फोनवर म्हणाला, "मामा, डाव्या बरगडीखाली दुखतंय, खांदाही भरून आलाय." मी, लॅबमध्ये जन्म घालवलेला माणूस, म्हणालो, "मेसचं तेल आहे ते, ॲसिडिटी असेल." खांदा शेकायला सांगितलं.

पुढे एका सर्जननं पोटाला हात लावला, तेव्हा डाव्या बाजूला तो कळवळला. एक्स-रेत डाव्या फुप्फुसाखाली थोडं पाणी. सोनोग्राफीत प्लीहेत, म्हणजे आपली जुनी माणसं जिला पानथरी म्हणतात तिच्यात, सहा सेंटिमीटरचं गळू. वर छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला ते टोचत होतं आणि दुखणं खांद्यात उमटत होतं. शेकून काय होणार!

टायफॉइडचं हे दुर्मीळ रूप आहे. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडतं हे डॉक्टरांच्या डोक्यात असतं, प्लीहेतला पू सहसा नसतो. सर्जननं सिटी स्कॅन केला, हृदयाचा इकोही केला, कारण झडपेवरच्या संसर्गातूनही असा पू होतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी केली. विदर्भात किंवा नंदुरबारकडे तर हा प्रश्न विसरूनच चालणार नाही, कारण सिकलसेलच्या रुग्णाला साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडच्या जंतूचं कूळ, जास्त छळतो. मग सोनोग्राफीत बघत बघत सुईवाटे बारीक नळी आत सोडली. पहिल्या दिवशी बराच पू आला. त्या पुवाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, टायफॉइडचा साल्मोनेला टायफी वाढला आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकला तो दाद देत नव्हता. आधीच्या गोळ्या त्याच जातीच्या होत्या. सेफ्ट्रिॲक्सोन हे दुसरं अँटिबायोटिक शिरेतून सुरू झालं, बाराव्या दिवशी नळी निघाली.

प्लीहा वाचली, हे मोठं. गळवात बरेच कप्पे असते किंवा ते फुटलं असतं तर ती काढावीच लागली असती. काढली की न्यूमोकोकससारख्या जंतूंचा धोका जन्मभर, त्यासाठी लसी घ्यायच्या आणि साधा ताप आला तरी दवाखाना गाठायचा.

हे सगळं आधी कळलं असतं का? ब्लड कल्चर पहिल्या गोळीआधी घेतलं असतं तर कोणतं औषध चालणार नाही हे तरी चौथ्या-पाचव्या दिवशी कळण्याची शक्यता होती. कल्चरमध्येही जंतू सगळ्या रुग्णांत सापडतो असं नाही, निम्म्याच्या आसपासच. एक-दोन गोळ्या पोटात गेल्या की त्याहून कमी. म्हणून तर आधी घ्यायचं. शिवाय योग्य औषध चालू असताना टायफॉइडचा ताप साधारण चार ते सहा दिवसांत उतरायला हवा. नाही उतरला तर तिसरी विडाल नको, पोटाची सोनोग्राफी हवी. ती तालुक्याच्या गावातही होते.

लसीबद्दल लेखात एक ओळही नव्हती. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ साली टायफॉइडच्या कॉन्जुगेट लसीची मोहीम घेऊन लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. इतर महापालिकांना आपल्या वार्ताहरांनी त्याबद्दल विचारावं.

आणि पुढच्या पुरवणीत तो सल्ला दुरुस्त करून छापावा: 'ताप तीन दिवसांवर गेला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चरबद्दल डॉक्टरांना विचारा.' तेवढीच जागा लागेल.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, कराड